होडीच्या पोटातून केलेली वाटणी

मी, खाली सही-शिक्का करणारी प्यो मालसुन, वय वर्षे चौसष्ट, धंदा फायबरच्या होड्या दुरुस्त करणे, राहणार मोक्सोम बेट, खालची आळी, आज लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्म्यातून मला स्वच्छ दिसतं, आणि कोणी मला धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. हे मी तांडेल योमच्या होडीच्या पोटात, पुढच्या टोकाच्या बंद कप्प्यात बसून लिहीत आहे. इथे मी आपल्या पायांनी, म्हणजे खरं तर गुडघ्यांनी आणि कोपरांनी आले. एवढं आधीच लिहिते, कारण उद्या माझा मुलगा म्हणेल की म्हातारीला रेझिनचा वास चढला होता. रेझिनचा डबा अजून उघडलेलाच नाही. डबा बाहेर आहे आणि मुलगाही बाहेर आहे.

या कप्प्याला एकच तोंड आहे, लंबगोल, भाताच्या मोठ्या पातेल्याच्या झाकणाएवढं. त्यातून सकाळी मी आत आले. दुसरं भोक होडीच्या कुशीला, खडकावर आपटून पडलेलं, वीतभर. तेच बुजवायचं आहे. सध्या ती माझी खिडकी. उजेड तिथूनच येतो, कागद तिथूनच बाहेर जाईल, आणि साक्षीदार बाहेर उभे राहून सह्या करून तो परत आत सरकवतील. साक्षीदार म्हणून शिंपले सोलणारी कुक जोंगसुक आणि जाळी सांधणारे मा ग्वीदोक यांना बोलावलं आहे. ग्वीदोककाकांना ऐकू कमी येतं, म्हणून प्रत्येक कलम ओरडून वाचावं लागतं. त्यामुळे धक्क्यावरच्या मांजरांनाही माझी इस्टेट तोंडपाठ झाली आहे. माझ्या मुलाने, तेग्यूनेही ऐकावं. आवाज मी त्याच्यासाठीच चढवते आहे.

कलम पहिले. राहतं घर आणि मागचं लसणाचं वावर मुलगा बांग तेग्यू यास देते. छपराची डावी बाजू गळते. ते त्याला माहीत आहे. कितीतरी पावसाळे तो "उद्या बघतो" म्हणतो आहे, तर आता तो उद्याही त्याच्याच नावावर केला. खारवलेल्या कोबीची मातीची रांजणं मात्र जोंगसुकला.

"ताई, मला नकोत गं तुझी रांजणं. तू आधी बाहेर ये," जोंगसुक भोकाशी तोंड लावून म्हणाली.

"मृत्युपत्राच्या मध्ये बोलू नये," मी म्हटलं. "रांजणं तुझी. झाकणं तेवढी जपून वापर."

कलम दुसरे. मच्छीमार सोसायटीतली माझी सगळी शिल्लक नात बांग दानबी हिला, शिक्षणासाठी. तिला सुंछनला दातांच्या कवळ्या बनवायच्या शाळेत जागा मिळाली आहे. उद्या सकाळी तिने तिथे जातीने हजर व्हायचं आहे, नाहीतर जागा पुढच्या पोरीला जाईल. बेटावरून शेवटची बोट आज दुपारी सुटते. म्हणजे दानबी आज गेली तर गेली, नाहीतर इथेच राहिली. या सगळ्या कागदाचं मूळ एवढंच आहे.

परवा जेवताना तेग्यू तिला म्हणाला, "एकच हंगाम थांब, बाळा. वादळाने फुटलेल्या होड्या रांगेत उभ्या आहेत. मला त्या तोंडातून जाता येत नाही, आजीला आता होत नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः तुला सोडायला येईन." तो गोड बोलतो. माझा मुलगा दुष्ट नाही हो. दुष्ट असता तर मला किती सोपं गेलं असतं! पोरीने मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं बाबा." तिचे खांदे अरुंद आहेत. ते माझ्यावर गेले आहेत, आणि त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटते.

"एकच हंगाम" हे शब्द मी ही होडी उभी आहे त्याच शेडमध्ये ऐकलेले आहेत.

माझं लग्न कसं ठरलं ते इथे लिहिते, म्हणजे पुढची कलमं कळतील. सासरे बांग छांगसोक लाकडी होड्या बांधायचे. फायबरच्या होड्या आल्या तसे त्या दुरुस्त करायला लागले. फायबरची होडी फुटली की नुसतं बाहेरून थापून चालत नाही. फुटलेली कड ग्राइंडरने लांबवर उतरती घासावी लागते, मग बाहेरून आणि आतूनही काचतंतूंच्या मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचे, रोलरने त्यातला एकेक बुडबुडा काढायचा. आतून म्हणजे बंद कप्प्यातून. तिथे जाणार कोण? सासरे अंगाने दांडगे, मुलगाही तसाच.

मुलगी बघायला ते आमच्या गावी आले. स्वयंपाकाचं विचारलं नाही, शेतीचं विचारलं नाही. पिशवीतून तारेचं एक मोठं कडं काढलं आणि माझ्या आईला म्हणाले, "पोरीला यातून खांदे बाहेर काढून दाखवायला सांगा." आईला वाटलं, बांग घराण्याची काही रीत असेल. मी काढून दाखवले. मला वाटलं, पास झाले. आनंदाने हसलेसुद्धा.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मला आत घातलं. "एकच हंगाम, सूनबाई. मग गडी ठेवू," सासरे म्हणाले. गडी आजतागायत यायचा आहे. माझ्या भातावर त्यांची नजर असायची. दुसऱ्यांदा वाढून घेतलं की म्हणायचे, "तोंड काही मोठं व्हायचं नाही, सूनबाई. तूच होशील." सगळ्यांदेखत म्हणायचे, आणि सगळे हसायचे.

गंमत म्हणजे आमच्या बेटावर बाईने मासेमारीच्या होडीवर पाय ठेवायचा नसतो. ठेवला तर मासा पळतो म्हणतात. तांडेल लोक कुरकुर करायचे तेव्हा सासरे सांगायचे, "पाण्यात असली तर होडी. जमिनीवर असली की नुसतं प्लॅस्टिक." तरी मी बाहेर आल्यावर ते तांडेल होडीवर मीठ टाकायचे आणि माकॉली, म्हणजे तांदळाची दारू, शिंपडायचे. कधी घाई असली तर मी आत असतानाच. डोक्यावर ती दारू पडण्याचा आवाज यायचा, आणि मी आत घाम पुसत, अंगात काचेची कुसळं घेऊन बसलेली. माझ्यामुळे बाटलेली होडी माझ्यादेखत शुद्ध व्हायची. संताप यायचा. गिळायचे.

कलम तिसरे. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला आजवर मी दरवर्षी पंधरा-वीस पदार्थ रांधले. माझ्यानंतर तेग्यूने करावं, पण सासऱ्यांच्या ताटात भात अर्धी वाटीच ठेवावा. जास्त ठेवू नये. ते पोट वाढू नये याची काळजी घेणारे गृहस्थ होते.

"काय? अर्धी वाटी?" ग्वीदोककाकांनी विचारलं.

"अर्धी!" मी ओरडले. बाहेर कोणीतरी हसलं. तेग्यू नसावा.

कलम चौथे. हत्यारं. ग्राइंडर, रोलर, ब्रश, शिकंजे आणि होडीचं अंग ठोकून आत थर सुटलेत का ते ऐकायची लहान हातोडी, हे सगळं तेग्यूला. दानबीला यातलं एकही हत्यार देत नाही. आठवण म्हणूनसुद्धा नाही. ती मागेल, पण देऊ नये.

इथे एक गोष्ट लिहिते, पण ती वाचून दाखवणार नाही. मघाशी मी बाहेर यायचा प्रयत्न करून पाहिला. एक हात आणि डोकं बाहेर जातं, कंबर वळत नाही. सकाळी आत येताना उजव्या खुब्यात काहीतरी कट् झालं होतं. मी दानबीला "तू सामान भर, आजचं काम मी करते" म्हणून पिटाळलं, तेग्यू रेझिन आणायला धक्क्यावर गेलेला, तेवढ्यात शिरले. वाटलं, पोरीच्या जागी मी आत असले म्हणजे तिला आत घालायचं कारणच उरणार नाही, आणि ती बोटीने निघून जाईल. आत जायचा विचार पक्का केला होता. बाहेर यायचा केलाच नव्हता. म्हणून मृत्युपत्र आज.

कलम पाचवे. माझी शेवटची व्यवस्था. दहनासाठी जी पेटी घ्याल ती माझ्या मापाची घेऊ नका. एवढी मोठी घ्या की मला कूस बदलता येईल. लोक म्हणतील मेलेल्या बाईला कशाला. त्यांना म्हणावं, जिवंतपणी जमलं नाही म्हणून. राख नवऱ्याच्या राखेशेजारी ठेवावी की नाही, याचा मी बराच विचार केला आहे. त्याची हकीकत अशी.

माझा नवरा बांग इल्दो हा मऊ माणूस. त्याने कधी हात उगारला नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर सासऱ्यांनी कामाची वाटच बंद केली असती, आणि मग माझा उपयोग काय, असं मला वाटायचं. तशातच आत गेले. येताना कंबर तोंडात अडकली. ना आत, ना बाहेर. आतल्या ओल्या रेझिनच्या वाफेने डोळ्यांपुढे काळोख यायला लागला. मी ओरडले, "कापा! मला काढा!" इल्दोने ग्राइंडर उचलला. उचलला आणि वडिलांकडे बघितलं. सासरे म्हणाले, "थांब. लोकांची होडी आहे. तेल लावू, निघेल." त्याने ग्राइंडर खाली ठेवला. तेल लावून मला ओढून काढलं. निघाले मी. त्याच आठवड्यात पोर गेलं. मुलगी होती.

हे कलम मी ओरडूनच वाचलं. बाहेर कोणी हसलं नाही. ग्वीदोककाकांनीही "काय?" म्हटलं नाही. मग तेग्यूचा आवाज आला, अगदी भोकाजवळून.

"आई, मला हे कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"मला बहीण होती, हे कसं विचारणार मी?"

त्याचं खरं होतं.

पुढचंही लिहून टाकते. इल्दोच्या शेवटच्या आजारपणात त्याला य्योसूच्या इस्पितळात ठेवला होता. बाहेर फिरताना मला होड्या दुरुस्तीचं एक आवार दिसलं. सवयीने आत डोकावले. आमच्यासारखीच होडी, तसाच बंद कप्पा. तिथल्या माणसाला विचारलं, "यात आत कोण जातं?" तो म्हणाला, "आत कशाला जायचं, मावशी? वरचा डेक कापायचा, उभं राहून आरामात काम करायचं, मग डेक परत सांधायचा. दोन दिवस जास्त लागतात, एवढंच." अख्खं आयुष्य मला वाटत होतं, कोणीतरी आत गेल्याशिवाय होडी दुरुस्तच होत नाही. दोन दिवस वाचवायला! इल्दोला जाऊन सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बाबांना माहीत होतं." मी विचारलं, "आणि तुला?" त्याने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. म्हणून माझी राख त्याच्याशेजारी ठेवा, पण मध्ये एका माणसाची जागा सोडा. ती जागा त्या मुलीची.

कलम सहावे. शेड, आवार आणि होडी चढवायचा उतार हे इल्दोने मरताना माझ्या नावावर केलं. त्यातच त्याचं काय ते उत्तर असावं. याचं काय करावं ते मला काही केल्या सुचत नव्हतं. तेग्यूला द्यावं तर दानबी आत जाते. दानबीला द्यावं तर ती जन्मभर इथे बांधली जाते, मालकीण म्हणून का होईना. विकावं तर तेग्यूला दुसरा धंदा येत नाही, आणि त्याने उपाशी राहावं अशी माझी इच्छा नाही. कुठूनही जा, भिंतच. तेव्हा असं ठरवते. आवार तेग्यूला, पण अटीवर. यापुढे एकाही माणसाला, बाईला वा पोराला त्या तोंडातून आत घालायचं नाही. डेक कापून काम करायचं. अट मोडली तर आवार त्या दिवसापासून मच्छीमार सोसायटीचं. तिने तिथे खुशाल मासे वाळवावेत.

हे कलम वाचून होईतो भोकाचा उजेड गेला. बघते तर दानबीचा चेहरा. पाठीला पिशवी, डोळे लाल.

"आजी, तू बाहेर ये. मग मी जाते."

"तू जा. मी येते मागाहून."

"खोटं बोलतेस. तुझा पाय बघितला मी तोंडातून. वाकडा पडलाय."

"दानबी, बोट सुटेल!"

"सुटू दे. तू अशी आत असताना मी कवळ्या करायला जाऊ? मी तशी आहे का?"

पोरीला सोडवायला मी आत शिरले, आणि माझ्याच पायी पोर इथे अडकली. असली अक्कल मी कुठून आणली! मी तिला शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. ती हलेना.

मग तेग्यू म्हणाला, आणि तो काळजीनेच म्हणाला, "दानबी, असं कर. तू पटकन तोंडातून आत सरक. तू आतून आजीचा पाय सरळ कर, मी बाहेरून ओढतो. पाच मिनिटांचं काम. मग बोटही मिळेल."

दानबीने लगेच पिशवी खाली ठेवली आणि जॅकेट काढायला लागली.

मी कशी सरकले मला माहीत नाही. खुबा नुसता पेटला. पण सरकले, आणि पाठ तोंडाला लावून ते बंद करून बसले. आता आत यायचं तर माझ्यावरून यावं लागेल. हा कागद गुडघ्यावर धरून लिहिते आहे, अक्षर बिघडलं आहे, पण अक्कल शाबूत आहे, याची नोंद घ्यावी. पाठीला पोरीच्या तळहाताचा स्पर्श लागतो. ती हळूहळू ढकलते आहे. "आजी, सरक ना. आजी, प्लीज." मी सरकत नाही.

"तेग्यू," मी म्हटलं, "काप."

"आई, अगं योमने हा डेक याच वर्षी नवा बसवलाय. लोकांची होडी आहे."

तो बोलला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. कारण पुढचं वाक्य तो बोललाच नाही. दूर धक्क्यावर बोटीचा पहिला भोंगा झाला. दानबीचा हात पाठीवरून निघाला. मी मनात म्हटलं, इल्दोचाच मुलगा. झालं. संपलं.

मग डोक्यावर पावलं वाजली. तेग्यूचा एक पाय जरासा ओढत पडतो, मला ती पावलं कळतात. त्याने वरून खडूने रेघ मारली, ती खरखर ऐकली. "आई, मागे हो. डोळे झाक," तो म्हणाला. त्याचा आवाज रडका होता. मीही रडत होते. ग्राइंडर सुरू झाला आहे. पांढरी धूळ कागदावर पडते आहे. इथे थांबते.

पुरवणी. हे मी आवारात, उघड्यावर, उलट्या टोपलीवर बसून लिहीत आहे. वरची सर्व कलमं कायम. फक्त सहाव्या कलमात भर अशी, की तांडेल योमच्या होडीच्या कुशीचं भोक तेग्यूने कापलेल्या डेकमधून बुजवायचं, मग दोन दिवस जास्त घेऊन डेक परत सांधायचा, आणि योमला काय सांगायचं ते त्याने त्याचं ठरवायचं. माझा खुबा जोंगसुकने बांधला आहे. मी उभी राहू शकत नाही, म्हणून तेग्यू मला पाठीवर घेऊन धक्क्यापर्यंत गेला. दानबी बोटीत चढली. तिच्या बाह्यांवर फायबरची धूळ तशीच होती. तिला रात्रभर खाज येणार, थंड पाण्याने धू म्हणून सांगायचं राहिलं. बोट वळेपर्यंत ती कठड्याशी उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिने हात हलवला. तेग्यूने हलवला. मी नाही हलवला. मी दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती गच्च धरून ठेवले. माझा हात वर झालेला दिसला असता, तर ती पोरगी उतरली असती.

लिहून देणार: प्यो मालसुन (सही व शिक्का)

साक्षीदार: कुक जोंगसुक (सही). रांजणं घेईन, पण इतक्यात नाही.

साक्षीदार: मा ग्वीदोक (सही). सर्व ऐकू आले.

ठिकाण: मोक्सोम बेट, बांग यांचे आवार, होडीच्या बाहेर.
दिनांक: २३ फेब्रुवारी २०२४